डाव्या बाजूचं कोपर

...नाही पण मला एक सांगा, ज्या माणसाला उशीवर डोकं टेकल्या टेकल्या झोप लागते, बसल्या जागी लागते, गालाला साबण लावून आरशासमोर उभ्याउभ्या लागते, त्या माणसाच्या डोक्याला बावीस वायरी चिकटवून त्यालाच सांगायचं की काका, तुम्हाला झोपेचा आजार आहे, हा कुठला न्याय? ज्यांना झोप लागत नाही त्यांना म्हणा ना आजारी. आमच्या शेजारचे रिटायर्ड पोस्टमास्तर रात्रभर गॅलरीत येरझाऱ्या घालतात, सपाता फटफट वाजवत, त्यांना न्या. मला कशाला? तुम्हाला सांगतो, झोपेची माझी काही तक्रारच नव्हती.

तक्रार माझ्या लेकीची होती. एकुलती एक, तेव्हा तक्रारींना वाटेकरी कोणी नाही, सगळ्या माझ्याच वाट्याला. ती आमचं ऑफिस बघते. ऑफिस म्हणजे काय, ड्रायव्हिंग स्कूल आहे माझं, एक खोली, एक टेबल, भिंतीवर रस्त्याच्या खुणांचा तक्ता आणि बाहेर एक गाडी. छत्तीस वर्षं मी लोकांना गाडी शिकवतोय. शिकवण्याच्या गाडीत, माहीत असेल तुम्हाला, ब्रेक दोन असतात, एक शिकणाऱ्याच्या पायाशी आणि एक माझ्या. आणि माझे नियम तीन. मी सांगितल्याशिवाय वळायचं नाही. मी सांगितल्याशिवाय गाडी सोडायची नाही. आणि गाडी चालवताना माझ्याशी बोलायचं नाही, समोर बघायचं. या तीन नियमांवर मी हजारो माणसं रस्त्यावर सोडली, आणि या तीन नियमांनीच माझा घात केला.

झालं काय, दुपारी दोनचा क्लास एका शिंपीणबाईंचा होता. पंचेचाळिशीच्या असतील, ब्लाउज शिवतात, अतिशय मन लावून शिकणाऱ्या. मी शेजारच्या सीटवर बसलो, पट्टा लावला, म्हटलं, "चला बाई, सरळ घ्या." आणि... संपलं. त्यापुढचं मला काही आठवत नाही. डोळे उघडले तर समोर पाणी. लांबच्या लांब, करड्या रंगाचं, पलीकडचा काठ धुक्यात, आणि एक रिकामी होडी हलतेय. आवाज नाही कसला. मी मनात म्हटलं, झालं, पोहोचलो आपण. खरंच सांगतो, भीती नाही वाटली. मी पहिल्यांदा काय केलं असेल? काठावर कोणी उभं आहे का ते बघितलं.

तेवढ्यात शेजारून आवाज, "सर, आता वळू का?"

शिंपीणबाई! दोन्ही हात स्टिअरिंगवर, नजर समोर, पाठ ताठ. सव्वा तास, पंचेचाळीस किलोमीटर, बाईंनी गाडी सरळ आणली होती, जसं काही हेम घालतायत. सिग्नलला थांबल्या, गायी-म्हशींना वाट दिली, ट्रकच्या मागून शिस्तीत आल्या, आणि नदीवर जिथे डांबर संपलं तिथे गाडी न्यूट्रलला टाकून, हँडब्रेक ओढून, वीस मिनिटं माझ्या पुढच्या सूचनेची वाट बघत बसल्या. मी म्हटलं, "अहो, उठवायचं ना मला!" तर म्हणतात, "सर, तुम्हीच म्हणालात बोलायचं नाही. आणि मला वाटलं, तुम्ही झोपेचं सोंग घेऊन परीक्षा बघताय. सर, एक सांगू का, आज तुम्ही ओरडला नाहीत तर हात इतका मोकळा चालला माझा..."

मी ओशाळून म्हटलं, "बरं झालं, शेवटी ढोसलंत तरी." कारण मी जागा झालो तोच मुळी बरगडीत कोपर बसलं म्हणून. चांगलं सणसणीत. तर बाईंचा चेहरा पडला. "मी? मी कशाला हात लावू सर तुम्हाला?"

आणि मग माझ्या लक्षात आलं. बाई माझ्या उजवीकडे. कोपर लागलं होतं डाव्या बरगडीत. डावीकडे गाडीचा दरवाजा, आणि दरवाज्यापलीकडे नदी.

आता तुम्ही म्हणाल, दचकला असाल. नाही. ते कोपर माझ्या ओळखीचं होतं. एकतीस वर्षांची ओळख. बायकोचं कोपर ते. ती पलंगावर डाव्या बाजूला झोपायची आणि मी घोरायला लागलो, की घोरता घोरता मध्येच चिडीचूप झालो, की एक कोपर आणि वर दबक्या आवाजात, "अहो, कुशीवर व्हा." मी म्हणायचो, "हो हो, झालो," आणि व्हायचो, आणि एखाददुसरं कोपर सोडलं तर सकाळी मला त्यातलं काही आठवायचं नाही. एकतीस वर्षं हे रोज. आणि ती जाऊन आता दोन वर्षं झाली.

कोपर गेलं नाही. ती गेल्यावर पहिले पंधरा दिवस मला झोपच नव्हती, मग एका रात्री लागली, आणि तीनच्या सुमाराला डाव्या बरगडीत... ठक्. मी "हो हो, झालो" म्हणून वळलोसुद्धा. वळल्यावर डोळे टक्क उघडले. खोलीत अंधार. मागे चादर सपाट. मी हात मागे नेला नाही. तसाच पडून राहिलो, श्वास रोखून, कारण वाटलं, हात नेला आणि काही लागलं नाही तर? आणि लागलं तर? तेव्हापासून रोज. कुणाला सांगितलं नाही. सांगून काय, लेक मला देवऋष्याकडे तरी नेणार नाहीतर डॉक्टरकडे तरी. आणि मला ते नकोच होतं. तुम्हाला सांगतो, झोपेची माझी काही तक्रारच नव्हती. उलट मी रात्रीची वाट बघायचो.

पण नदीचं प्रकरण शिंपीणबाईंनी कौतुकाने ऑफिसात सांगितलं. लेकीने ऐकून घेतलं, वही मिटली, आणि माझ्यासमोर हात पसरला. "किल्ली द्या. तपासणी होईपर्यंत तुम्ही गाडीत बसायचं नाही, बाबा. दुसऱ्याचा जीव आहे त्या सीटवर." आवाज अगदी आईचा. मी दिली किल्ली.

तर असा मी त्या झोपेच्या दवाखान्यात. संध्याकाळी सात वाजता, हातात पायजम्याची पिशवी. तिथे एक बाई, पन्नाशीच्या, अकरा वर्षं रात्रभर जागून लोकांना झोपताना बघण्याची नोकरी करतात, डोळ्यांखाली ही एवढी काळी वर्तुळं. नाव विसरलो, आपण त्यांना वायरवाल्या बाई म्हणू. त्यांनी डोक्याला दहा ठिकाणी चिकट मलमाचा थंडगार लपका लावून वायरी चिकटवल्या, डोळ्यांच्या कडेला दोन, हनुवटीला, पायांना, छातीला पट्टा, पोटाला पट्टा, नाकात नळी, बोटाला चिमटा, आणि मग गोड आवाजात म्हणतात, "आता अगदी घरच्यासारखे झोपा, काका." घरच्यासारखे! घरी मी पलंगावर झोपतो, विजेच्या खांबावर नाही. कुशीवर व्हायचं म्हटलं तर आधी परवानगीचा अर्ज करावा लागेल अशी अवस्था. पण खाट बघून मात्र मी जागीच थबकलो होतो. एकाच माणसाची खाट. आणि डाव्या बाजूला, चिकटून, भिंत.

म्हटलं, आज काही ती येत नाही. येणार कुठून, जागा कुठाय?

झोप लागली, ती लागतेच. आणि तीन वाजता, तुम्हाला सांगतो, भिंतीकडून, त्या पांढऱ्या रंगवलेल्या, ओल्या वासाच्या भिंतीकडून कोपर आलं. तेच. डाव्या बरगडीत. मी अंधारात डोळे उघडले, वर छताला कॅमेऱ्याचा एक लाल ठिपका, आणि मला त्या ठिपक्याची एवढी लाज वाटली... परक्या माणसांसमोर तिला असं यावं लागलं म्हणून.

सकाळी सहाला वायरवाल्या बाईंनी मला पडद्यासमोर बसवलं. रेघाच रेघा. म्हणाल्या, "काका, झोप म्हणजे दिवा बंद करणं नव्हे. मेंदू रात्रभर कामात असतो. आधी हलकी झोप, मग जरा खोल, मग खूप खोल, तिथे लाटा संथ होतात, शरीराची डागडुजी होते, मेंदूतला दिवसभराचा कचरा धुतला जातो. मग स्वप्नांची झोप. मग पुन्हा पहिल्यापासून. दीडेक तासाचा एक फेरा, असे रात्रीत चार-पाच."

मी म्हटलं, "म्हणजे पहिला, दुसरा, तिसरा गिअर." "काहीही म्हणा," म्हणाल्या. "आणि स्वप्नात मेंदू हातापायांचं कनेक्शनच तोडतो. नाहीतर स्वप्नात पळणारा माणूस खरंच पळत सुटेल." मी म्हटलं, "क्लच दाबला. इंजिन जोरात, चाकं जागेवर." बाई पहिल्यांदा हसल्या. म्हणाल्या, "बरोबर. पण सगळं सैल सोडताना घसापण सैल पडतो, काका. तुमचा जरा जास्तच. जीभ मागे जाते, वाट बंद होते, श्वास थांबतो. रक्तातला प्राणवायू खाली येतो. मग मेंदूत घंटा वाजते आणि तो तुम्हाला दोन-तीन सेकंदांसाठी वर खेचतो. तुम्ही एक श्वास ओढता आणि परत झोपता. आठवत काही नाही. तासाला त्रेचाळीस वेळा. रात्रीत तीनशे. सगळ्यात लांब थांबलात तो एक मिनिट बारा सेकंद. आणि तिसरा गिअर तुम्हाला लागलाय अख्ख्या रात्रीत चार मिनिटं."

मी हिशेब करत बसलो. तीनशे वेळा जागा झालो होतो मी! रात्रभर मरत होतो आणि मरता मरता परत येत होतो, आणि सकाळी उठून जगाला सांगत होतो की झोपेची माझी काही तक्रारच नाही. बाई म्हणाल्या, "जागेपणी डोक्यात झोपेचं ओझं साचत जातं. ते रात्रीच्या झोपेत उतरतं. तुमचं उतरतच नाही. म्हणून सीटवर बसलात की डोळे मिटतात."

मग मी घसा खाकरून हळूच विचारलं, "बाई, ते कोपर... ते किती वाजता पडलं?"

"कसलं कोपर?"

सांगितलं मग. दोन वर्षांत पहिल्यांदा कुणाला तरी सांगितलं. बाईंनी रेकॉर्डिंग मागे नेलं. तीन वाजून दहा मिनिटं. पडद्यावर हिरवट अंधार आणि मी, वायरीत गुंडाळलेला. छातीचा पट्टा थांबलेला. दहा सेकंद. वीस. चाळीस. स्वतःला असं मेलेलं बघणं, काय सांगू तुम्हाला, मी खुर्चीचा हात धरून ठेवला होता. आणि मग तो पडद्यावरचा माणूस एकदम दचकतो, भिंतीपासून सरकतो, जागा करून देतो, पार खाटेच्या कडेला येतो, आणि स्पष्ट म्हणतो, "हो हो, झालो." भिंतीच्या बाजूला नुसती चादर. मी म्हटलं, "बाई, जरा डावीकडे करा ना कॅमेरा." म्हणाल्या, "काका, भिंत आहे ती."

मग त्यांनी सांगितलं. समजुतीने सांगितलं, उगाच दवाखान्याच्या आवाजात नाही. "मेंदू घाबरून अर्धवट जागा होतो. आपण कशाने उठलो हे त्याला कळत नाही, मग तो ओळखीचं कारण शोधून लावतो. तुमच्याकडे एकतीस वर्षं एकच कारण होतं. माझा आपला अंदाज, हं."

मी मान हलवली. पटलं. अजिबात आवडलं नाही, पण पटलं. उठणार, तेवढ्यात त्या वायरी गुंडाळता गुंडाळता सहज म्हणाल्या, "एकतीस वर्षं रोज उठवायच्या तुम्हाला? रात्रीतून किती वेळा?"

म्हटलं, "असेल... आठ-दहा वेळा."

तर म्हणाल्या, "मग त्या झोपायच्या कधी?"

...

तुम्हाला सांगतो, छत्तीस वर्षं मी लोकांना आरशात मागे बघायला शिकवतो. मी स्वतः कधी बघितलं नव्हतं. दुपारी भाजी निवडताना तिचा डोळा लागायचा. लग्नात, पहिल्या रांगेत, लागायचा. लेकीच्या शाळेच्या कार्यक्रमात लागला. आणि मी चारचौघांत म्हणायचो, "आमच्याकडे झोपाळू माणूस आहे, जरा हळू बोला." लोक हसायचे. तीही हसायची. झोप माझी मोडत होती ती तिच्या कोपराने, असं मी समजत होतो हो. तिची मोडत होती माझ्या प्रत्येक श्वासासाठी. मी बंद पडलो की ती जागी. मी सुरू झालो की तिने पडून ऐकत राहायचं, पुन्हा कधी बंद पडतोय ते. दुसऱ्या ब्रेकवर पाय ठेवून बसलेली बाई. एकतीस वर्षं.

आणि आता खरं सांगतो, इथपर्यंत आलोच आहे तर. जे लेकीलाही सांगितलेलं नाही.

ती गेली त्या रात्री कोपर आलं नाही. मी सकाळी साडेसहाला उठलो, डोकं जड, पण मनातून खूश, की आज हिने एकदाही ढोसलं नाही. मी तिच्या पाठीकडे बघून म्हटलंसुद्धा, "आज बरं झोपू दिलंस." ती झोपलेली. म्हटलं झोपू दे. चहा केला, पेपर वाचला, दोनदा दारातून डोकावलो, म्हटलं दमलीय, झोपू दे. आठ वाजता कप घेऊन गेलो. डॉक्टर म्हणाले, हृदय, झोपेतच, तीनच्या सुमाराला. दीड तास मी तिला झोपू दिलं.

पण माझं भूत ते नाही. माझं भूत वेगळं आहे. वायरवाल्या बाईंनी दाखवलं ना, मी काय करतो ते, आणि सकाळी मला काही आठवत नाही ते? मग त्या रात्री कोपर आलंच नाही कशावरून? आलं असेल. माझ्यासाठी नाही, तिच्यासाठी आलं असेल. काहीतरी होतंय, उठा, म्हणून. आणि मी "हो हो, झालो" म्हणून... कुशीवर झालो असेन.

बोललो एकदाचं. पाणी पितो जरा.

तर मशीन आलं घरी. उशाशी एक डबा, त्याला नळी, नळीला मुखवटा, नाकावर बसवायचा. रात्रभर हवा दाबून आत सोडतं, वाट बंदच होऊ देत नाही. दिसतो मी पाणबुड्यासारखा, ते सोडा. आणि हे मशीन चुगलखोर निघालं, सकाळी सगळा अहवाल लेकीच्या फोनवर. पहिल्या रात्री मुखवटा घातला, आणि डोळे उघडले तर उजाडलेलं. आठ तास! डोकं हलकं, खिडकीतलं झाड स्वच्छ दिसतंय, लहानपणी उठायचो तसं उठलो. आणि दुसऱ्या क्षणी माझा हात डाव्या बरगडीवर गेला. कारण कोपर नाही. रात्रभर नाही. अशी न ढोसलेली रात्र मी आयुष्यात एकच काढली होती. मी तसाच पडून राहिलो, मागे वळून बघायची हिंमत होईना, आणि त्या बाजूला दोन वर्षं कुणी नाही हे मला माहीत होतं हो, पक्कं माहीत होतं.

दुसरी रात्र तशीच. तिसरी तशीच. लेक खूश. "बाबा, तासाला दोनच वेळा!" किल्ली परत दिली. दुपारच्या क्लासला मी टक्क जागा, शिंपीणबाईंवर ओरडलोसुद्धा, त्या हिरमुसल्या. सगळं झकास. फक्त ती येत नव्हती. मी बरा होत होतो ना, मग तिला यायचं कारणच उरलं नव्हतं. आता सांगा, हे मला कुठल्या दवाखान्यात जाऊन सांगता आलं असतं? की तुमच्या औषधाने माझी बायको जातेय, दुसऱ्यांदा?

मग मी ठरवलं, आठवड्यातून एक रात्र सुट्टी. शनिवार. गाडीला असते सुट्टी, मशीनला का नको? मुखवटा काढून खुंटीला टांगला, उजव्या कडेला सरकलो, डावी बाजू मोकळी ठेवली, चादर सारखी केली. मनात एकच होतं. आज कोपर आलं की वळायचं नाही. "हो हो, झालो" म्हणायचं नाही. आज उठून बसायचं आणि विचारायचं, त्या रात्री मला उठवत होतीस का? काय उत्तर येईल त्याची तयारी होती माझी. नव्हती म्हणा, पण विचारायचं होतं.

आलं. तीन वाजले असतील. नेहमीपेक्षा जोरात आलं, बरगडी कळवळली. आणि मी वळलो नाही. डोळे मिटलेले, हातपाय हलत नाहीत, क्लच दाबलेला, हे मला त्याही अवस्थेत कळत होतं. विचारायला तोंड उघडायचा प्रयत्न करतोय, उघडत नाही. आणि मागून, अगदी कानाशी, तिचा आवाज. झोपमोड झाल्यावर यायचा तो, कातावलेला, दमलेला. "अहो, ते मशीन लावा हो. एकतीस वर्षं जागले. आता तरी झोपू द्या मला."

एवढंच. रागावली होती असंही नाही. दमली होती नुसती.

वायरवाल्या बाई म्हणतील, मेंदूने कारण लावलं. लावू दे. त्यांच्याशी वाद नाही माझा. मी अंधारात चाचपडत खुंटीवरून मुखवटा काढला, पट्टे घट्ट केले, बटण दाबलं. जे विचारायचं होतं ते राहिलंच, आणि आता ते राहणार. पण एकतीस वर्षांच्या संसारात त्या बाईने माझ्याकडे मागितलेली ही पहिली गोष्ट, हो. नाही कसं म्हणायचं?

तेव्हापासून एक रात्र चुकवली नाही. लेक रोज सकाळी फोन बघते आणि विचारते, "झोप कशी झाली, बाबा?" मी सांगतो, उत्तम. आता आम्हा दोघांनाही छान झोप लागते... भेट तेवढी होत नाही.